मुदतीच्या तापाचं बिऱ्हाड

मला किळस फार. आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. भिंतीवर पिचकारी दिसली की मी रस्ता बदलते. लग्नाच्या पंगतीत आधी वाढप्याची नखं बघते, मग ताटाकडं बघते. एकदा पाणीपुरीच्या गाड्यावरच्या माणसानं ज्या फडक्यानं मान पुसली त्याच फडक्यानं ताटली पुसलेली मी पाहिली, आणि तिथंच पोटातलं घशाशी आलं. त्यानंतर बाहेरचं पाणी मी तोंडाला लावलेलं नाही. दुसऱ्याच्या टॉवेलला हात लावत नाही की उष्ट्या कपाला बोट लावत नाही.

तर अशा बाईच्या पोटात काय निघालं, ते सांगायचं आहे. नुकतंच जेवला असाल तर जरा थांबून वाचा.

घरात आम्ही चौघं. मुलगा, सून, नात आणि मी. मालकांना जाऊन आठ वर्षं झाली. मुलाची नोकरी फिरतीची. सून बार्शीची, युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात बायकांवर देखरेख करते. सकाळी डबा घेऊन गेली की दिवेलागणीला येते. म्हणजे नात जन्मल्यापासून माझ्याच हाताखाली. मला अव्वा म्हणते. माझं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, घरात निम्मं कानडी, त्यामुळं आजीला आमच्यात अव्वाच म्हणतात.

आमच्याकडं एक रीत आहे. उरलेला भात असतो ना, तो परातीत घ्यायचा, त्यात दही, शेंगाचटणी, मीठ घालायचं आणि हातानं कालवायचं. चमच्यानं नाही. चमच्यानं ढवळलेला भात नुसता ओला होतो, हातानं कालवला तर एक होतो. मग सगळ्यांनी परातीभोवती बसायचं, तळहात पुढं करायचा, आणि घरातल्या मोठ्या बाईनं एकेकाच्या हातावर गोळा ठेवायचा. माझ्या आईनं ठेवला, सासूनं ठेवला, मग मी ठेवायला लागले. ताटात वाढलेलं पोटापुरतं असतं; हातावर ठेवलेला घास कितीही झाले तरी जातो.

सून नवी आली तेव्हा बिचकली.

“आत्या, मी घेते की माझं माझं.”

“घेते म्हणजे? हात फुडं कर. हितं काय बुफे हाय व्हय?”

तिनं हात पुढं केला. त्याच वर्षी ती तापानं पडली. टायफॉइड. आमच्या वेळी त्याला मुदतीचा ताप म्हणायचे, कारण तो आपली मुदत भरल्याशिवाय जात नसे. मी गल्लीभर सांगत सुटले, की माहेरी गेली होती, तिकडून घेऊन आली. शेजारीण माझी जुनी मैत्रीण, तिला तर मी इतकं बोलले, की “अगं, नखं वाढवून वर लाल रंग लावती. त्या नखात काय काय असंल, देवाला ठाऊक.” शेजारणीनं ते पुढं किती घरी पोचवलं, ते मोजायला नको.

ताप आमच्या घरी नवा नव्हता, हेही सांगते. मालकांना झाला होता. मुलाला दोनदा. दरवेळी मी पाण्याला शिव्या घातल्या. आमच्या सोलापुरात पाणी चार-चार, पाच-पाच दिवसांनी येतं. भरून ठेवावं लागतं, आणि भरून ठेवलेल्या पाण्यात काय वळवळतं ते झाकण उघडणाऱ्यालाच माहीत. मी टाकी घासायची, हंडे घासायची, पाणी उकळून गाळायची. मला स्वतःला चौदाव्या वर्षी माहेरी ताप आला होता, एकवीस दिवस. केस गेले होते, पाय काड्यांसारखे झाले होते. पण उठले, आणि त्यानंतर आजतागायत मला टायफॉइड शिवलेला नाही. हे मी मिरवायची. म्हणायची, “बघा, घरात सगळे पडतात, मी पडत न्हाय. स्वच्छता लागते त्याला.”

नातीला पहिल्यांदा ताप आला तेव्हा ती चार वर्षांची होती. गोळ्या-औषधांनी उतरला. सुनेनं चार दिवस रजा काढली, मी पाचव्या दिवशी पोरीला दहीभात कालवून भरवला.

वर्ष-सव्वा वर्षानं परत आला, आणि हा काही साधा नव्हता. पोरीच्या जिभेवर पांढरी साय धरली. तोंडाला असा वास, की मी, जिनं तिची लंगोटं धुतली, मीच मान वळवली. पोट नगाऱ्यासारखं फुगलं. आणि एका सकाळी तिची शी डांबरासारखी काळी झाली. चिकट, काळीकुट्ट, लोखंडाच्या गंजासारखा वास. सून न्हाणीत वाकून बघत होती. तिनं माझ्याकडं वळून एवढंच म्हटलं, “आत्या, ही शी न्हाय. ह्ये रक्त हाय.”

रिक्षानं दवाखान्यात नेलं. आतड्यातून रक्त येत होतं. अकरा दिवस पोर तिथं होती. त्यातल्या पहिल्या चार दिवसांत डॉक्टरीण बाई आमच्याशी बोलताना कागदाकडं बघायच्या, तोंडाकडं नाही. आणि डॉक्टर तोंडाकडं बघत नाहीत म्हणजे काय, ते कळायला शाळा लागत नाही. मुलगा फिरतीवरून धावत आला. तो बाहेरच्या बाकावर बसून नुसता नखं खायचा.

पाचव्या दिवशी रक्त थांबलं. आठव्या दिवशी पोर म्हणाली, “अव्वा, भूक लागली.” मी तिथंच रडले.

घरी सोडायच्या आधी बाईंनी आम्हाला आत बोलावलं. मुलीएवढी बाई, पण बोलणं खणखणीत.

“ही वाचली. पण दीड वर्षात दोनदा झालंय. तिसऱ्यांदा झालं तर हे आतडं टिकेल, असं मी म्हणू शकत नाही. त्यामुळं हे येतं कुठून ते सापडल्याशिवाय हिला घरी न्यायची घाई करू नका.”

“पाणी,” मी म्हटलं. “आमच्याकडचं पाणीच तसलं हाय.”

“पाणी शेजारी पण तेच पितात ना? त्यांच्याकडं कुणाला झालाय?”

मी आठवून बघितलं. नव्हता झाला.

“घरात आजवर कुणाकुणाला झाला?”

सुनेनं बोटं मोजत सांगितलं. सासरे, नवरा, नवरा परत, ती स्वतः, पोर, पोर परत. बाईंनी लिहून घेतलं. मग माझ्याकडं बघितलं. “आणि आजी, तुम्हाला?”

“मला लहानपणी. त्यानंतर कदी न्हाय,” मी ऐटीत सांगितलं.

“पोटाचं काही? पित्त, खडे?”

खडे होते की. चार वर्षांपूर्वी पोट गच्च होतं म्हणून सोनोग्राफी केली, त्यात पित्ताशयात खडे दिसले होते. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले होते, त्रास देत नाहीत तर असू द्या. मी असू दिले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. “स्वयंपाक कोण करतं घरात?”

“मीच.”

“मुलीला भरवता कशानं?”

“हातानं. दुसऱ्या कशानं भरवत्यात?”

“संडासला जाऊन आल्यावर हात कशानं धुता?”

आता हे कुणी मला विचारावं! मी चार तांबे पाणी घेते. कोपरापर्यंत धुते. वर आंघोळ करते, तेव्हा कुठं चुलीपाशी जाते. सगळं सांगितलं.

“साबण?”

“साबण कसा लावीन? सैपाकाचा हात हाय. साबणात चरबी असती.”

हे आमच्या घरात पूर्वापार. सासू सांगायची, साबण म्हणजे मेलेल्या जनावराची चरबी. तो हात पिठाला लावायचा नाही. आमच्या घरात कधी अंडंसुद्धा आलेलं नाही. माहेरी आणि सासरी परसाकडून आलं की राखेनं हात घासायचे, राख नसली तर मातीनं. मग सोलापुरात आलो, गॅस आला, फरशी आली. चूल गेली, राख गेली, आणि तिच्या जागी साबण काही आला नाही. नुसतं पाणी राहिलं. ते मी भरपूर वापरत होते, दुष्काळातसुद्धा, आणि मला वाटायचं, याहून सोवळं ते काय.

बाई हसल्या नाहीत. सून माझ्या हातांकडं बघत होती. तोंडाकडं नाही, हातांकडं.

मग माझी तपासणी. एक प्लॅस्टिकची डबी दिली, निळ्या झाकणाची, आणि झाकणालाच आतून एक चमचा. चमचा! मसाल्याच्या डब्यात असतो तेवढाच. त्या चमच्यानं आपलं आपण घ्यायचं आणि डबीत भरून आणून द्यायचं. मी तो प्रसंग लिहिणार नाही. एवढंच सांगते, की त्यानंतर कितीतरी दिवस मसाल्याचा डबा उघडला की मला उमासे यायचे. एक डबी नाही, तीन दिवस तीन डब्या. खिडकीपलीकडचा माणूस डबी उजेडात धरून म्हणायचा, “आजी, नाव लिवा वरती.” घाणीवर स्वतःचं नाव घालायचं, तेही माझ्याच अक्षरात.

तपासणीत सापडला. मुदतीचा ताप. माझ्यात. तापाशिवायचा ताप.

मी भांडायला गेले. म्हटलं, चौदाव्या वर्षीचा जंतू आता सत्तरीला कसा निघंल? तुमची डबी बदलली असणार.

बाईंनी मला खुर्चीवर बसवलं. “आजी, ताप गेला तेव्हा तुम्ही बऱ्या झालात, पण सगळे जंतू गेले नाहीत. थोडे पित्ताशयात जाऊन बसले. तुम्हाला त्रास दिला नाही. तिथं खडे असले की त्यांना बरंच. तुमच्याकडं आड होता ना माहेरी? आडातल्या दगडावर हात फिरवला तर काय लागतं?”

“शेवाळ. बुळबुळीत.”

“तसाच बुळबुळीत थर खड्यावर धरून हे राहतात. वरून औषध वाहतं, पण थराखाली पोचत नाही. तिथून थोडे थोडे पित्ताबरोबर आतड्यात उतरतात, आतड्यातून बाहेर.”

“आणि बाहेरून?”

त्यांनी माझ्या हातांकडं नुसतं बोट केलं.

मी विचारलं, “आधी खडा झाला का आधी जंतू?”

“ते तुमच्या बाबतीत मला सांगता येणार नाही. आतड्यातले जंतू पित्तात चढून पित्त नासवतात, त्याचा गाळ बसतो, गाळाचा खडा होतो, असंही असतं. काही खडे फोडले तर आत जंतूच सापडतात. आणि काही खडे आपले आधीच होतात, जंतू नंतर राहायला येतात.”

राहायला येतात म्हणे. छप्पन्न वर्षांचं बिऱ्हाड. मी ज्या ज्या घरात झाडू मारला, ज्या परातीत हात घातला, तिथं तिथं हे माझ्याबरोबर होतं. मालकांना कुणी दिला? मुलाला कुणी दिला? नव्या सुनेच्या तळहातावर कुणी ठेवला, ती नको नको म्हणत असताना? पाणीपुरीवाल्याचं फडकं बघून मला उलटी आली होती. तो निदान घाम पुसत होता.

त्या दिवशी मी घरी आले आणि दोन्ही हात साबणानं धुतले. परत धुतले. मग भांडी घासायच्या काथ्यानं घासले, सालं निघेपर्यंत. सुनेनं नळ बंद केला.

“पुरे. पाणी दोन दिसांनी येणार हाय.”

“तू मला काई बोलत का न्हाईस?” मी म्हटलं.

“काय बोलू? पोरीला आधी घरी आणू दे.”

पोर घरी आली ती एका अटीवर: अव्वानं स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही, पोरीला भरवायचं नाही. संडास मी वापरला की सुनेनं औषध टाकायचं. माझं ताट-वाटी-पेला वेगळा, पलंगाखाली. हे बाईंनी सांगितलेलं नव्हतं, मीच ठेवलं. मला माझीच किळस यायची. झोपले तरी वाटायचं, उजव्या बरगडीखाली काहीतरी बुळबुळतंय. ढेकर आली तरी मी पदर तोंडाला लावायची. पोर उंबऱ्यावर उभी राहून विचारायची, “अव्वा, तुझ्या पोटात किडे हायेत?”

“व्हय.”

“किती?”

“लई.”

“चावत्यात?”

“मला न्हाय चावत. तेच तर वाईट हाय.”

महिनाभर गोळ्या घेतल्या, तोंड कडू जहर झालं. परत डबी. परत सापडला. बाईंनी सांगितलं होतंच, खडे आहेत तोवर औषधाचा भरवसा नाही. आता पित्ताची पिशवीच काढावी लागेल. मला साखर आहे, वय आहे. मुलगा घाबरला. “आई, राहू दे. तू आपली सैपाकघरात जाऊ नको, झालं.”

मी म्हटलं, “मी काय बुजगावणं हाय व्हय, एका कोपऱ्यात उभं करायला? उद्या इसरून पोरीच्या तोंडात एक घास घातला तर? काढा ती पिशवी.”

सून त्या वेळी पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. ती म्हणाली, “आत्या, मी रजा टाकते.”

दुर्बिणीतून झालं, चार भोकं. शुद्धीवर आले तर मुलगा हातात एक पारदर्शक बाटली घेऊन उभा. आमच्याकडं खडे काढले की नातेवाइकांच्या हातात देतात, काम केल्याचा पुरावा म्हणून. एकवीस खडे. मला वाटलं होतं, खडा म्हणजे रांगोळीतल्या गारगोटीसारखा, कडक. ते तसे नव्हतेच. मातकट तपकिरी, मऊसर, काहींचा कडेला चुरा झालेला, भिजलेल्या खरकट्या तुरडाळीसारखे एकमेकांना चिकटलेले. बाटलीच्या तळाशी हिरवट काळं पाणी. मी झाकण उघड म्हटलं. नको म्हटलं असतं तर बरं झालं असतं. नाल्याचा गाळ उपसून रस्त्यावर टाकतात आणि दुपारी त्यावर ऊन पडतं, तो वास. तो माझ्या आतला वास होता.

आणि माझ्या या शहाण्या मुलानं त्या बाटलीचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लगेच अंगठे. माझ्या चुलत नणंदेनं हात जोडले आणि फुलं टाकली. मी टाक्यांसकट हसले आणि टाक्यांसकट शिव्या घातल्या.

“फेक ती घाण.”

“एक तपासायला पाठवलाय आई, बाकीचे ठेवू का?”

“घरी आणलास तर तुलाच गिळायला लावीन.”

त्यानंतर परत औषध, परत डब्या. महिन्याला एक अशा तीन. पहिली स्वच्छ आली. दुसरी स्वच्छ. तिसऱ्या डबीचा निकाल सुनेच्या मोबाइलवर आला, ती कारखान्यातून येताना जिन्यातच वाचत आली. दारातून म्हणाली, “आत्या, न्हाय. काई सापडलं न्हाय.” चप्पलसुद्धा काढली नव्हती. मग आत येऊन पाणी प्याली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून भिंतीला टेकून उभी राहिली. नऊ महिने ती असं कुठंही टेकलेली मी पाहिली नव्हती. पोरीला त्या नऊ महिन्यांत साधी सर्दी सोडून काही झालं नव्हतं.

मी म्हटलं, “तुझ्या नखांबद्दल मी गल्लीभर बोलले होते.”

“ठाऊक हाय मला. शेजारच्या काकींनी मलाच सांगितलं होतं की.”

“आता मीच त्यांना खरं काय ते सांगते.”

“सांगा. सांगायलाच पायजे,” ती म्हणाली. नको नको वगैरे काही म्हणाली नाही. बरं वाटलं मला.

रविवारी शेजारणीला चहाला बोलावलं. नऊ महिन्यांनी मी तव्यापुढं उभी राहिले आणि शेंगापोळ्या केल्या. हात साबणानं धुऊन, नखं कापून. चरबी असो नाहीतर आणखी काही असो. शेजारीण बसली, मी ताटली पुढं ठेवली आणि सगळं सांगितलं: खडे, शेवाळ, डब्या. ताप सुनेनं नाही, मी वाटला, हे दोनदा सांगितलं, म्हणजे पुढं पोचवताना अर्धं गळायला नको.

तिचा हात पोळीकडं निघाला होता. तो वाटेतच थांबून गुडघ्यावर गेला. “अगं बया,” म्हणाली. मग म्हणाली, “आता बरं हाय न्हवं पण?” मग चहाकडं बघितलं. चहाही तसाच ठेवला. साय धरली त्याच्यावर. घरी गॅसवर काहीतरी ठेवलंय म्हणून उठली. मी तिला बोल लावत नाही. तिच्या जागी मी असते तर ताटली समोर आल्या आल्या उठले असते, आणि घरी जाऊन आंघोळ केली असती.

ती गेली, ताटली तिथंच. एवढ्यात पोर खेळून आली, घामानं चिकचिकलेली, आणि सरळ त्या ताटलीतली पोळी उचलून तिचा मोठा तुकडा तोडला. मी सुनेकडं बघितलं. तिनं पोरीच्या हातातली पोळी बघितली, मला बघितलं. ती ताटली तिनं उचलली नाही.

पोरीच्या पाठीत मात्र एक धपाटा घातला.

“हात धुतलेस का गं आधी? शेंबडी कुठली! ठेव ती खाली. साबण लावून ये, मग खा.”